वह्या रद्दीत जाण्यापूर्वी : एक आवाहन

आम्ही ज्या ज्येष्ठ वैद्यांच्या पायाशी बसून चिकित्सा शिकलो, त्यांनी आयुष्यभर रुग्णांच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्यांच्या निधनानंतर घर आवरताना त्या वह्या रद्दीत गेल्या. आमच्या हाती एकच लागली. तीत ग्रहणीच्या एका रुग्णाचे औषध तीनदा बदलूनही उपशय मिळाला नाही, अशी प्रांजळ नोंद आहे. यशस्वी चिकित्सांच्या अनेक कथांपेक्षा त्या अपयशाने आम्हांस अधिक शिकविले. उरलेल्या वह्यांत काय होते, हे आता कोण सांगणार?

आपल्या शास्त्राला लपवाछपवी मान्य नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, तद्विद्यसंभाषेचे महत्त्व विशद केले आहे. सूत्रस्थानातील आत्रेयभद्रकाप्यीय अध्यायात तर रसांच्या संख्येविषयी ऋषींचे परस्परविरोधी मतही नोंदविलेले आहे आणि मगच षड्रसांचा निर्णय दिला आहे. वैद्यांनी एकत्र येऊन बोलावे या जाणिवेतूनच शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ मध्ये नाशिक येथे अखिल भारतीय वैद्य संमेलनाची मुहूर्तमेढ रोवली. संमेलन अधूनमधूनच भरते. त्रैमासिक ही वर्षातून चारदा घरी येणारी संभाषाच होय.

परंतु कागद, छपाई आणि टपालखर्च यांचा भार कोणी उचलायचा? केवळ औषधनिर्मात्यांच्या जाहिरातींवर विसंबले, तर एखाद्या कल्पाने गुण आला नाही, हे छापताना संपादकाचा हात अडखळतो. रोग हमखास बरा करण्याचे दावे करणाऱ्या जाहिरातींना आवर घालण्यासाठी १९५४ साली कायदा करावा लागला, हेही विसरून चालणार नाही. वर्गणीदार जितके अधिक, तितके पान निर्भीड.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींना आमची दुहेरी विनंती आहे. स्वतः वर्गणीदार व्हावे आणि आणखी एका सहव्यवसायिकास करावे. तसेच वर्षातून किमान एक रुग्णानुभव लिहून पाठवावा. भाषा अलंकारिक नसली तरी चालेल. मात्र वय, प्रकृती, अग्नी, कोष्ठ, दोष-दूष्यविचार, औषधाची मात्रा, अनुपान, काल व पथ्य स्पष्ट असावे. पूर्वी व नंतर केलेल्या तपासण्या, तसेच सोबत चालू असलेली अन्य औषधे अवश्य नमूद करावीत. अन्यथा गुण कशाने आला, हे ठरविता येत नाही. रुग्णाची संमती घ्यावी, नाव देऊ नये. उपद्रव झाला असल्यास तोही लिहावा.

नवपदवीधरांनी संकोच करू नये. प्रश्न नेमका मांडणे हेही लेखनच आहे. उत्तर देण्यास ज्येष्ठ आहेत. आणि ज्येष्ठांनी आपली एक वही आज उघडावी, एवढेच आमचे नम्र मागणे. अनुभव वैद्याचा असला, तरी त्यावर पुढील रुग्णाचाही हक्क असतो.