खायची नाही अशी भाजी

खराडीतल्या एका सोसायटीच्या लिफ्टमध्ये कागद चिकटवला होता. रविवारी सकाळी नदीकाठी रानभाज्यांची ओळख, नंतर बीजगोळ्यांची कार्यशाळा, माणशी ३५० रुपये, लहान मुलांना निम्मे. खाली जाड ठशात सूचना: ‘कृपया काहीही तोडू नये, चाखू नये.’ भाजी दाखवणार आणि चाखू देणार नाहीत, हे काही माझ्या पचनी पडेना. पैसे भरले आणि गेलो.

जुलैचा शेवट होता, रात्रभर बारीक पाऊस होऊन गेलेला. आयटी पार्कच्या मागून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी पंचवीसेक माणसं जमली होती. छत्र्या नव्या, बूट नवे, दोघातिघांच्या गळ्यात दुर्बिणी. आधी गोल करून प्रत्येकानं आपापलं नाव-गाव सांगितलं. कोणी नागपूरचं, कोणी इंदूरचं, एक बाई कोईमतूरच्या. खराडीच्या म्हणाव्यात अशा एकच बाई होत्या, आणि त्या गोलाच्या बाहेर, हातात विळा घेऊन उभ्या होत्या. संयोजक मुलानं ‘आपल्या पारंपरिक ज्ञानाच्या वारसदार’ अशी त्यांची ओळख करून दिली, तेव्हा त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दुसरीकडे पाहिलं. सगळे त्यांना मावशी म्हणत होते.

मावशी सोमवार ते शनिवार त्याच सोसायटीच्या बागेत कामाला आहेत. हिरवळीत उगवलेलं तण उपटायचं, हे त्यांचं पावसाळ्यातलं मुख्य काम. केना, काटेमाठ, घोळ, चिवळ, आघाडा. सहा दिवस जे उपटून फेकायचा पगार मिळतो, तेच सातव्या दिवशी लोकांना दाखवायचं मानधन मिळतं. हे त्यांनीच मला चालता चालता सांगितलं, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत असल्याचं दिसलं नाही. मला वाटलं.

मुलगा तसा चांगला होता, हे सांगायला हवं. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेला, नेमकं बोलणारा, माहीत नसेल तिथं ‘बघून सांगतो’ म्हणणारा. पुण्यात अशा भटकंतीची परंपरा जुनी आहे. प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली, तेव्हापासून नदी हा इथल्या निसर्गप्रेमींचा अभ्यासविषय आहे. श्री. द. महाजन सरांनी कितीतरी पुणेकरांना देशी झाडं ओळखायला शिकवलं. विठ्ठलवाडीला ‘जीवितनदी’ची मंडळी लोकांना मुठेच्या काठानं हिंडवत आली आहेत. हा मुलगा त्याच रांगेतला. फरक एवढाच की त्याच्यासमोरची माणसं या शहरात आलीच मुळी दहा-पंधरा वर्षांपूर्वी, आणि त्यांना दाखवायला त्याच्याकडे उरला होता खराडीचा काठ.

हा काठ म्हणजे काय? संगमापाशी एकत्र आलेली मुळा-मुठा बंडगार्डन, कल्याणीनगर, मुंढवा करत इथं पोचते, तोवर तिच्यात शहराचं बरंच काही मिसळलेलं असतं. कडेला सुबाभूळ आणि घाणेरी माजलेली. पाण्यावर जलपर्णीचे तुकडे वाहत चाललेले. वर राडारोड्याचे ढीग, आणि त्यांच्यावर पहिल्या पावसात तरारलेलं गाजरगवत. या गवताची भारतातली नोंद १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली, आणि ती पुण्यातली होती, असं मुलानं सांगितलं. मावशी त्या गवताला काँग्रेस म्हणाल्या आणि हात लावू नका, अंगाला खाज सुटते, एवढं बोलून पुढे गेल्या.

वास आधीपासून येतच होता. नाल्याचा म्हणावा तर तेवढाच नाही. ओल्या मातीचा, कुजलेल्या जलपर्णीचा आणि साबणाच्या फेसाचा मिळून झालेला. पहिल्या दहा मिनिटांत काहींनी रुमाल काढले. नंतर नाक मरतं.

पुढचा तासभर आम्ही फार तर दोनशे पावलं चाललो असू. पद्धत ठरलेली: मुलगा झाडाजवळ थांबायचा, शास्त्रीय नाव सांगायचा, भिंग फिरवायचा, पानांची मांडणी दाखवायचा. टाकळ्याची पानं रात्री मिटतात आणि त्याच्या भाजलेल्या बियांची कॉफीसारखी पूड करतात, हे ऐकून सगळ्यांनी फोटो काढले. मग मावशींची पाळी. त्या झाड सांगतच नसत, स्वयंपाक सांगत. टाकळा वीतभर असतानाच घ्यायचा, फुलावर आला की सोडून द्यायचा. कुर्डूचा शेंडा कोवळा हवा. केन्याच्या पानांची भजी. आघाड्याची काडी ऋषिपंचमीला दात घासायला, आणि त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही म्हणून बांधावरचं, परड्यातलं जे आपसूक उगवलं तेवढंच शिजवायचं. मुलाच्या वाक्यांत झाड ‘आढळतं’. मावशींच्या वाक्यांत ते आणायचं, निवडायचं, धुवायचं, परतायचं असतं. माझा ओढा कुणीकडे होता ते लपवण्यात अर्थ नाही.

आणि मग ती चिवळ. एका ढासळलेल्या कट्ट्याच्या फटीतून पसरलेली, बारीक पानांची, लालसर देठाची. मुलगा घोळ आणि चिवळ यांतला फरक सांगत होता. मावशी खाली बसल्या आणि त्यांचा हात चालायला लागला. चिमटीत शेंडा, नखानं कट, तळहातावर झटका, पुन्हा शेंडा. बघता बघता मूठभर चिवळ ओच्यात जमली. नंतर त्या थांबल्या, मूठ नाकाशी नेली आणि सगळी टाकून दिली.

‘हितली नाय खायाची. मैलापाणी चढतंय हितपत्तोर.’

मुलानं लगेच नीट समजावून सांगितलं: पालेभाज्या जमिनीतले जड धातू पानांत साठवतात, उकळून ते जात नाहीत, म्हणून तर सूचना लिहिली होती. बरोबरच होतं त्याचं. पण मला त्यानंतरची कितीतरी मिनिटं फक्त तो हात दिसत होता. डोक्यानं नको म्हणण्याच्या आधी तो जाऊन आला होता. ३५० रुपयांत असं काही बघायला मिळेल असं कागदावर लिहिलेलं नव्हतं.

कोईमतूरच्या बाईंनी हिंदीत विचारलं, मग खायची कुठली? मावशी म्हणाल्या, ‘मंडईतली घ्या. इकत.’

यावर मुलगा हसला, आणि जे बोलला ते त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत नसावं. मुंढव्याला महापालिकेचं जॅकवेल आहे. तिथून नदीतलं पाणी उचलून हडपसरच्या बाजूला जुन्या मुठा कालव्यात, म्हणजे बेबी कालव्यात सोडतात. करार आहे वर्षाला साडेसहा टीएमसीचा: महापालिका खडकवासल्यातून पिण्याचं पाणी जास्त घेते, त्या बदल्यात वापरलेलं पाणी शुद्ध करून शेतीला परत द्यायचं. ते जातं हवेली, दौंडकडच्या शेतांना. आणि तिकडची भाजी येते कुठं? गुलटेकडीला. तिथून मंडईत, तिथून तुमच्या पिशवीत.

साडेसहा टीएमसी. हा आकडा ऐकायला सरकारी वाटतो, म्हणून मी तो जरा फोडून पाहिला. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. खडकवासल्याचा उपयुक्त साठा आहे १.९७ टीएमसी. म्हणजे साडेसहा टीएमसीत तीन खडकवासले भरून वर पाणी उरेल. कागदावर ते शुद्ध केलेलं असतं. काळं, फेसाळ पाणी येतं ही कालव्याच्या शेतकऱ्यांची तक्रार मात्र वर्षानुवर्षं चालू आहे. काठावरची मूठभर चिवळ खायची नाही, हे आम्हा पंचवीस जणांना तासाभरात पटलं. त्याच नदीचं साडेसहा टीएमसी पाणी पिऊन वाढलेली भाजी मात्र आपण घासाघीस करून घरी आणतो.

गट पुढे सरकला, कारण पक्षी दिसला होता. गढूळ उथळ पाण्यात शेकाट्या चरत होते, लांब गुलाबी पायांवर, अगदी ऐटीत. प्रकाश गोळे यांनी १९८४ साली प्रदूषित नदीच्या पक्ष्यांवर निबंध लिहिला होता. घाण पाण्यावर पोसणारे काही पक्षी वाढतात, म्हणून पक्षी दिसले की नदी बरी आहे असं समजायचं नाही, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नव्हती. दुर्बिणी असलेल्यांनी तो घेतला असं वाटलं नाही. फोटो सुंदर आले.

मी मावशींच्या बाजूनं चालू लागलो. चाळीसेक वर्षांपूर्वी त्या लग्न होऊन इथं आल्या. स्वतःची जमीन नव्हती. नदीलगतचं एक वावर वाट्यानं करायचे. मेथी, कोथिंबीर, थोडी वांगी. पण वांगं म्हटलं की पलीकडच्या मांजरीच्या गोट्याला जास्त भाव, हे सांगताना अजूनही त्यांच्या आवाजात थोडी असूया होती. विहिरीला तीन परसांवर पाणी. खराडी १९९७ मध्ये महापालिकेत आली, मग रस्ते आले, मग कंपन्या. ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांचं नशीब उघडलं. वाटेकऱ्याचं नाव कुठंच नसतं. वावर विकलं गेलं तेव्हा मालकानं साडीचोळी केली, हे त्यांनी दोनदा सांगितलं. तक्रार म्हणून की मालकाचं कौतुक म्हणून, ते मला कळलं नाही.

‘आता ती विहीर कुठं आहे?’ मी विचारलं.

त्यांनी एका टॉवरच्या पार्किंगकडे विळा केला.

बीजगोळ्यांबद्दल थोडक्यात. जपानच्या फुकुओकांची ही कल्पना आपल्याकडे आली आणि तिचा सण झाला. माती, शेणखत, बी. मुलांचे हात माखले, आईवडील खूश. बिया बहाव्याच्या आणि करंजाच्या होत्या. करंजाची शेंग बघून मावशी म्हणाल्या, ‘ह्याला गोळा कशापायी? नदीच नेती की.’ खरंय. करंजाची शेंग पाण्यावर तरंगत जाते आणि काठाला लागेल तिथं रुजते, म्हणून तर नदीकाठी करंज जास्त. मुलगा मोकळेपणानं हसला आणि तेही त्यानं सगळ्यांना सांगितलं. गोळे मात्र ठरल्याप्रमाणे फेकले गेले, बहुतेक सगळे गाजरगवतात.

नदीसुधार प्रकल्पाबद्दल कोणीतरी विचारलंच. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटर काठ बांधून काढायचा आहे. बंडगार्डनकडचं काम झालेलं दिसतं. मुलानं जपून उत्तर दिलं, कारण गटात दोन्ही बाजूंची माणसं होती. एक गृहस्थ म्हणाले, निदान चालायला जागा तरी होईल. ते चुकीचं बोलत होते असं मला म्हणता येणार नाही. त्या सकाळी आम्ही चिखलातून, काचांतून, निर्माल्याच्या पिशव्यांतूनच चाललो होतो. पण बांधलेल्या काठाला फट नसते आणि चिवळ उगवते फटीत. अर्थात खायची नाहीच म्हटल्यावर उगवली काय नि न उगवली काय, असंही कोणी म्हणेल.

शेवटी चहा झाला, प्रमाणपत्रं वाटली गेली (मुलांना हवी असतात म्हणे). मी मुलाला म्हटलं, पुढची सहल जॅकवेलपासून काढ. बेबी कालव्याच्या कडेनं लोणी काळभोरकडे. साडेसहा टीएमसी म्हणजे काय ते लोकांना डोळ्यांनी बघू दे.

‘रजिस्ट्रेशन होणार नाही, सर. वास येतो तिकडे.’

मावशी कपबश्या गोळा करत ऐकत होत्या. त्यांची बहीण त्या कालव्यावर दिलेली आहे. तिच्या वावराला तेच पाणी. ती विकायची भाजी वेगळी करते आणि घरच्यासाठी बोअरवर चार वाफे वेगळे ठेवते. तिच्याकडे सगळ्यांना नेऊ, ती दोन्ही वाफे दाखवील, भाकरीही करील, असं त्या मुलाला सांगू लागल्या. मुलगा एकदम सावध झाला आणि मग हळूहळू त्याला रस वाटू लागला. बस लागेल, पन्नास तरी माणसं हवीत, असा हिशेब त्यानं मोबाइलवर मांडायला घेतला. अडलं ते फीवर. त्याचं म्हणणं, जेवण धरून पाचशेच्या खाली परवडत नाही. मावशींचं म्हणणं, भाजी बघायचे कोणी शंभराच्या वर मागितले तर त्या स्वतः येणार नाहीत.