डीपी-३०० : वहीत काय टिपाल?
अ‍ॅझ्युर एसक्यूएल सांभाळणाऱ्या डेटाबेस प्रशासकांसाठीची ही मायक्रोसॉफ्टची परीक्षा. पास व्हायला १००० पैकी ७०० गुण हवेत. पण ते सरळ ७० टक्के नव्हेत, प्रश्नांच्या काठिण्याचाही हिशेब त्यात असतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

कोणत्या घटकाला किती भार, हे मायक्रोसॉफ्टच जाहीर करते. तयारीच्या वहीतले रकाने त्यानुसार आखा. मात्र टिकमार्क ‘वाचलं’ म्हणून नको, ‘करून पाहिलं’ म्हणूनच हवा. उदाहरणार्थ, अ‍ॅझ्युर एसक्यूएल डेटाबेस बॅकअपवरून कालच्या दुपारच्या स्थितीत आणला, तर तो जुन्यावर न चढता वेगळ्या नावाने उभा राहतो. एकदा स्वतः केलं, की हे विसरायला होत नाही.

प्रमाणपत्र वर्षभर चालतं. नूतनीकरणाची ऑनलाइन चाचणी मोफत, तीही पुस्तक उघडून. मुदतीआधी सहा महिन्यांपासून देता येते.