एल.सी. हाती आली, पण पैसे?

शेतकरी बंधूंनो, लासलगावच्या लिलावात कांदा विकला, की व्यवहार तिथेच संपतो. पण आता काही शेतकरी उत्पादक कंपन्या स्वतः कंटेनर भरून न्हावा-शेवा बंदरातून माल परदेशी धाडू लागल्या आहेत. "एल.सी. आली, आता पैसे पक्के," असे संचालक मंडळी खुशीत सांगतात. पण बँक नेमकी कशाला बांधलेली असते, ते आधी समजून घ्या.

एल.सी. म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट. खरेदीदाराची बँक लिहून देते, की ठरलेली कागदपत्रे ठरल्या मुदतीत आणा, पैसे आम्ही देतो. खरेदीदाराचे दिवाळे निघाले तरी बँकेची ही जबाबदारी टळत नाही. यासाठी यू.सी.पी. ६०० ही आंतरराष्ट्रीय नियमावली १ जुलै २००७ पासून लागू आहे.

मुख्य गोष्ट अशी, की बँक कागद बघते, कांदा बघत नाही. तिकडे भाव पडला आणि खरेदीदाराने "माल हलका निघाला" अशी ओरड केली, तरी कागद बरोबर असतील तर बँकेला पैसे द्यावेच लागतात. उलट कांदा एक नंबरचा असला, पण कागद चुकला, तर बँक हात वर करू शकते.

सर्वोच्च न्यायालयासमोर १९८१ साली मोहरीच्या तेलाचा असाच एक खटला आला होता. एल.सी.मध्ये 'प्युअर मस्टर्ड ऑइल' असे होते, रेल्वे पावतीवर 'अनरिफाइंड' हा एक शब्द जास्त पडला. तेवढ्यावरून दोन बँकांत वाद पेटला. कागद एल.सी.शी काटेकोर जुळलेच पाहिजेत, हे तत्त्व न्यायालयाने तेव्हा उचलून धरले.

म्हणून एवढे ध्यानात ठेवा :

१) एल.सी. आल्याबरोबर वाचून घ्या. न जमणारी अट दिसली तर माल भरण्याआधीच दुरुस्ती मागा. तुमच्या संमतीशिवाय बँकेला एल.सी. बदलता किंवा रद्द करता येत नाही.

२) बीजकावरचे मालाचे वर्णन एल.सी.प्रमाणेच लिहा. बिल ऑफ लेडिंग आणि फायटोसॅनिटरी दाखला त्याच्याशी विसंगत नको.

३) एल.सी.त वेगळी मुदत नसेल, तर माल बोटीवर चढल्यापासून २१ दिवसांच्या आत आणि एल.सी.ची मुदत संपण्यापूर्वी कागद बँकेत द्या.

४) कागद तपासायला बँकेला जास्तीत जास्त ५ कामकाजाचे दिवस मिळतात. नाकारायचे असेल तर सगळ्या चुका एकाच नोटिशीत कळवाव्या लागतात. मुदतीत कळवले नाही, तर मागाहून खोट काढता येत नाही.

५) आपल्याकडची बँक नुसती एल.सी. कळवणारी असेल तर पैसे देण्यास ती बांधील नाही. तिने 'कन्फर्म' केली असेल तरच ती बांधील.

आणखी एक. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली होती. अशा वेळी माल बोटीवर चढला नाही, तर बिल ऑफ लेडिंग मिळत नाही, आणि ते नाही तर एल.सी. असूनही पैसे नाहीत. हा धोका बँक उचलत नाही, तो खरेदीदाराशी करार करतानाच बोलून घ्यावा.

तेव्हा मंडळी, कांदा निवडताना जेवढी नजर लावता, तेवढीच कागदावरही लावा. सभासदांच्या वर्षभराच्या घामाचे मोल एका शब्दावर अडकू देऊ नका.