नवे विंडोज घ्यावे की थांबावे?

सध्या व्यापारी बांधव भेटले की एक प्रश्न हमखास निघतो, "संगणकावर विंडोज 11 टाकायचे का? जुने तर बरे चालले आहे!" प्रश्न रास्त आहे. चालत्या मागाला कोणी उगाच हात लावत नाही.

विंडोज 11 हे 5 ऑक्टोबर 2021 रोजी आले. त्याचे रूप बदलले, स्टार्टचे बटण डाव्या कोपऱ्यातून मध्यभागी गेले. नुसत्या रूपासाठी खटाटोप करावा असे आम्हाला वाटत नाही. खरा मुद्दा सुरक्षेचा आहे. विंडोज 10 साठी नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या 14 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाल्या. मुदतवाढीची वेगळी योजना निघाली, पण ती कायमची नाही.

दुरुस्ती नसली तर काय होते? मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' या विषाणूने जगभरातील संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही, ते सापडले.

म्हणून आमचे मत असे की, ज्या संगणकावर जीएसटी आणि बँकेचे काम चालते, तो बदलावाच. मात्र घाई करू नये. आम्ही स्वतः फसता फसता वाचलो. आमचा जुन्या खात्यांचा प्रोग्रॅम डॉसच्या काळातला, 16 बिटचा. तो 32 बिटच्या विंडोज 10 वर चाले. विंडोज 11 फक्त 64 बिटमध्ये येते, त्यावर तो उघडत नाही. शिवाय 32 बिटवरून जाताना सारे नव्याने टाकावे लागते. एका जाणकाराने वेळीच विचारले, नाहीतर वर्षांची उधारी गेली होती!

तेव्हा आधी हिशेबाच्या दोन नकला काढा. एक दुकानाबाहेर ठेवा. हिशेबाचा प्रोग्रॅम आणि प्रिंटर नव्यावर चालतील का, ते विचारून घ्या. संगणक पात्र आहे का, ते 'पीसी हेल्थ चेक' या मोफत प्रोग्रॅमने कळते. किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा आणि टीपीएम 2.0 लागते, पात्र विंडोज 10 धारकांना बदल मोफत आहे. अपात्र संगणकावर आडमार्गाने टाकून घेऊ नका; पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी नसते. तो इंटरनेटपासून तोडून जुन्या वह्या पाहण्यापुरता ठेवा. जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने जपावी लागतात, हे विसरू नका.

देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहे. आपल्या वहीत गिऱ्हाइकाची उधारी असते, तशीच कारागिराची मजुरीही असते. ती अमानत आहे. तिच्या हिफाजतीसाठी चार पैसे आणि दोन दिवस गेले, तर तो तोटा नव्हे.