नोकरीवांचून परदेशवास : जर्मनीचा स्वतंत्र व्यवसायाचा परवाना

परदेशीं जाऊन अर्थार्जन करावयाचें म्हणजे तेथल्या एखाद्या कंपनीची नोकरी अगोदर हातांत असली पाहिजे, अशी सुशिक्षित घरांतून अद्यापहि समजूत आहे. तींत तथ्यहि पुष्कळ आहे. कारण बहुतेक देशांचे कायदे परकी मनुष्याला मालकाच्या चिठ्ठीवरच आंत घेतात. परंतु चित्रकार, भाषांतरकार, वास्तुशिल्पी, संगीतशिक्षक यांच्यासारख्या लोकांना मालक असा नसतोच. त्यांना असतात तीं गिऱ्हाइकें. आज एक, उद्यां दुसरें. अशा मनुष्यानें परदेशीं राहण्याची अनुज्ञा कोणत्या आधारावर मागावी? या प्रश्नाला ज्या देशांनीं कायद्यानें उत्तर दिलें आहे, त्यांत जर्मनी हा एक प्रमुख देश होय.

जर्मनीचा निवासविषयक कायदा १ जानेवारी २००५ पासून अंमलांत आला. त्याच्या २१ व्या कलमांत स्वतःच्या हिंमतीवर धंदा करणाऱ्या परकीयांची सोय आहे. तेथें एक भेद मात्र प्रथमच ध्यानांत घेतला पाहिजे. दुकान, उपाहारगृह किंवा कारखाना काढणारा तो व्यापारी. आणि विद्या, कला किंवा बुद्धि यांच्या बळावर स्वतः काम करणारा तो स्वतंत्र व्यावसायिक. या दुसऱ्यास जर्मन भाषेंत ‘फ्रायबेरूफ्लर’ म्हणतात. हा भेद प्राप्तिकराच्या कायद्याच्या १८ व्या कलमांत सांपडतो. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, वास्तुशिल्पी, हिशेबतपासनीस, पत्रकार, दुभाषे व भाषांतरकार यांचीं नांवें तेथें आहेत. शिवाय शास्त्रीय, कलात्मक, वाङ्मयीन आणि अध्यापनाचें काम करणारे सर्वच त्यांत मोडतात. व्यापाऱ्याला आपल्या धंद्यानें देशाच्या अर्थव्यवस्थेचा लाभ होईल हें पटवून द्यावें लागतें. स्वतंत्र व्यावसायिकाला त्याच कलमाच्या ५ व्या पोटकलमानें वेगळी व बरीच सुलभ वाट ठेवली आहे.

सुलभ म्हणजे हक्काची नव्हे. कायद्याचे शब्द ‘परवाना देतां येईल’ असे आहेत, ‘दिला पाहिजे’ असे नाहींत. निर्णय अधिकाऱ्याच्या विवेकावर असतो, आणि त्या विवेकाला पटेल असा पुरावा उभा करणें हें अर्जदाराचें काम आहे.

समजा, पुण्यांतील तीस वर्षांची एक चित्रकार मुलांच्या पुस्तकांसाठीं चित्रें काढते, आणि बर्लिनच्या दोन प्रकाशकांनीं तिला काम देण्याची इच्छा दर्शविली आहे. तिनें प्रथम काय करावें? अमेरिका, जपान, कॅनडा अशा कांहीं देशांच्या नागरिकांना व्हिशाशिवाय जर्मनींत जाऊन तेथें अर्ज करतां येतो. भारतीयांना ती सवलत नाहीं. प्रवाशाच्या अल्पमुदतीच्या व्हिशावर जावें आणि तेथें परवाना करून घ्यावा, असा सल्ला देणारे दलाल भेटतात. त्यांच्या नादीं लागून पैसा आणि वेळ दोन्ही दवडण्याची पाळी येते. भारतीय अर्जदारानें दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा येथूनच मागितला पाहिजे. मुंबईंत जर्मनीची महावाणिज्य-वकिलात आहे. व्हिशाची फी ७५ युरो आहे. परंतु खरा खर्च फीचा नसून तयारीचा असतो.

अर्जासोबत शिक्षणाचीं प्रमाणपत्रें, आजवरच्या कामाचे नमुने आणि जीवनवृत्त जोडावें लागतें. ज्या व्यवसायाला सरकारी अनुज्ञा लागते, उदाहरणार्थ वैद्यकीला, त्याची अनुज्ञा मिळालेली किंवा मिळण्याचें आश्वासन असलेलें पाहिजे. सर्वांत वजनदार कागद म्हणजे जर्मनींतील गिऱ्हाइकांचीं पत्रें. ‘आम्हांला यांचें काम आवडतें’ एवढ्यानें भागत नाहीं. कोणतें काम, किती, आणि कोणत्या मोबदल्यानें, हें पत्रांत स्पष्ट असलें तर त्याला किंमत येते. त्याबरोबर अपेक्षित उत्पन्नाचा आणि खर्चाचा अंदाज द्यावा लागतो. घरभाडें, विमा, कर आणि रोजचा खर्च वजा जातां मनुष्य सरकारी मदतीवांचून राहूं शकेल, हें त्या आंकड्यांवरून दिसलें पाहिजे. पहिल्या कांहीं महिन्यांपुरती शिल्लक बँकेंत असणें म्हणूनच आवश्यक ठरतें. अर्जदाराचें वय ४५ वर्षांहून अधिक असल्यास म्हातारपणाची पुरेशी तरतूद आहे हेंहि सामान्यतः दाखवावें लागतें.

विम्याच्या बाबतींत पुष्कळांची फसगत होते. प्रवासाचा स्वस्त विमा घेतला म्हणजे झालें, असें त्यांना वाटतें. दीर्घ निवासाला तो पुरा पडत नाहीं. जर्मनींतील सार्वजनिक विमानिधींत नवख्या स्वतंत्र व्यावसायिकाला सहजासहजीं प्रवेश नसतो, आणि खासगी विमा वयाबरोबर महाग होत जातो. कलावंतांना व लेखकांना मात्र एक मोठा आधार आहे. १९८१ च्या कायद्यानें त्यांच्यासाठीं सामाजिक विम्याची स्वतंत्र योजना निर्माण झाली आणि १९८३ पासून ती चालू आहे. तींत सामील झालेल्या कलावंताला वर्गणीचा सुमारें अर्धाच भाग भरावा लागतो. उरलेला भाग त्याच्याकडून काम घेणाऱ्या संस्था आणि सरकार मिळून देतात. पुण्याच्या त्या चित्रकाराला ही योजना पावली, तर तिच्या वार्षिक हिशेबाचें सर्व चित्रच पालटेल.

व्हिसा हातीं आला म्हणजे अर्धीच वाट सरते. जर्मनींत घर मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आंत नगर-कचेरींत नांव नोंदवावें लागतें, आणि त्यासाठीं घरमालकाचें लेखी निवेदन लागतें. मग कर-कचेरीचा प्रश्नपत्रक भरून करक्रमांक मिळवावयाचा. त्यावांचून रीतसर बिल करतां येत नाहीं. शेवटीं परकीयांच्या कचेरींतून प्रत्यक्ष निवास-परवाना घ्यावयाचा. बर्लिनमध्यें १ जानेवारी २०२० पासून हें काम स्वतंत्र स्थलांतर-कचेरीकडे आहे. परवान्यावर कोणत्या व्यवसायाला मुभा आहे तें लिहिलेलें असतें. चित्रकारानें मनांत आलें म्हणून उपाहारगृहांत नोकरी धरणें त्यांत बसत नाहीं.

कराच्या बाबतींतहि संवय बदलावी लागते. नोकरदाराचा कर पगारांतून परस्पर कापला जातो. येथें तो आपण राखून ठेवावयाचा असतो. कर-कचेरीनें आगाऊ कर ठरविला म्हणजे तो मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर या महिन्यांच्या १० तारखेस भरावा लागतो. आलेली सर्व रक्कम आपलीच समजून खर्च करणारा मनुष्य पहिल्या दोन वर्षांतच अडचणींत येतो.

आणखी एक धोका आहे. सर्व काम एकाच गिऱ्हाइकाचें, त्याच्याच कचेरींत, त्यानेंच ठरविलेल्या वेळीं होत असेल, तर जर्मन कायदा त्याला स्वतंत्र व्यवसाय न मानतां छुपी नोकरी मानूं शकतो. म्हणून दोनतीन गिऱ्हाइकें असणें हें केवळ उत्पन्नाच्या नव्हे, तर परवान्याच्याहि दृष्टीनें हिताचें असतें.

नकार आला तर? पूर्वीं वकिलातीकडेच फेरविचाराचा अर्ज करतां येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली आहे. आतां नवा अर्ज करावा किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयांत दाद मागावी, एवढेच मार्ग उरतात. त्यामुळें पहिलाच अर्ज परिपूर्ण असला पाहिजे, घाईनें टाकलेला नसावा.

कायम निवासाचा विचारहि आरंभींच केलेला बरा. व्यापाऱ्याला यश आल्यास तीन वर्षांनीं कायम परवाना मिळण्याची वाट आहे. स्वतंत्र व्यावसायिकाला ती लागू नाहीं. त्याला साधारणतः पांच वर्षें थांबावें लागतें, जर्मन भाषेचें पुरेसें ज्ञान दाखवावें लागतें आणि निवृत्तीच्या तरतुदीचा पुरावा द्यावा लागतो. भारत आणि जर्मनी यांच्यामध्यें सामाजिक सुरक्षिततेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. त्यामुळें दोन देशांत भरलेल्या वर्गणीचा कालावधि निवृत्तिवेतनाच्या पात्रतेसाठीं एकत्र धरतां येतो. म्हणून येथील भविष्यनिर्वाह निधीचे जुने कागद रद्दींत घालूं नयेत.

हें सर्व ऐकून एखाद्या पित्याला वाटेल कीं, एवढ्या खटाटोपापेक्षां नोकरी बरी. वाटणें स्वाभाविक आहे. परंतु कायद्यानें विचारलेले प्रश्न हे कोणताहि शहाणा पिता विचारील तेच आहेत : काम कोण देणार, पैसा किती येणार, आजारी पडल्यास काय, म्हातारपणीं काय? या चार प्रश्नांचीं उत्तरें घरच्या मेजावर बसून प्रामाणिकपणें लिहितां आलीं, तर अर्ज निम्मा तयार झाला. तीं लिहितां आलीं नाहींत, तर व्हिसा मिळूनहि परदेशवास सुखाचा होत नाहीं. आणि हें तिकीट काढण्यापूर्वीं कळणें यांत लाभच आहे.