गाडी उभी राहून तापत नाही

डिसेंबर लागला की सकाळी साडेसहाला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून एक आवाज ठरलेला असतो. कुणीतरी गाडी सुरू करतं, दार लावतं आणि चहा प्यायला परत वर जातं. गाडी पंधरा-वीस मिनिटं तशीच घरघरत राहते. आमचं स्वयंपाकघर नेमकं पार्किंगच्या वर आहे, सगळा धूर आत येतो. मी एकदा खाली जाऊन विचारलं, तर उत्तर आलं, “थंडीचे दिवस आहेत, इंजिन तापायला नको का?” पुण्यात त्या दिवशी अकरा अंश तापमान होतं.

हेच वाक्य मी मनालीच्या हॉटेलांच्या अंगणात, एमएच पाट्यांच्या गाड्या घेऊन आलेल्या लोकांकडून ऐकलं आहे. टोरांटोत राहणाऱ्या मामेभावाकडून फोनवर ऐकलं आहे. हिवाळ्यात स्वतःची गाडी घेऊन हिमाचलला निघालेल्या माणसाला घरातून मिळणारा पहिला सल्ला हाच असतो: रोज सकाळी गाडी निदान पंधरा मिनिटं सुरू ठेव, मग निघ. इतक्या वेळा ऐकल्यावर आता राग येतो, कारण या सल्ल्याच्या समाधानात खरी तयारी राहून जाते. टायर पाहिले जात नाहीत, कूलंट पाहिलं जात नाही, आणि इंजिन मात्र उभ्या उभ्या धूर ओकत असतं.

सल्ला देणारे वडीलधारे खोटं बोलत नाहीत, हे आधी मान्य करतो. प्रीमियर पद्मिनी, अँबॅसॅडर, सुरुवातीची मारुती 800 या गाड्यांना कार्ब्युरेटर होता. इंजिनात ओढल्या जाणाऱ्या हवेच्या जोरावर पेट्रोल खेचून ते हवेत मिसळायचं, एवढंच त्याचं काम. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. मग मिश्रणात पेट्रोल कमी पडायचं, गाडी आचके देत बंद पडायची. म्हणून चोक ओढायचा, हवा अडवायची आणि हलकी रेस देत इंजिन ताळ्यावर येईपर्यंत थांबायचं. माझ्या वडिलांना हे थांबणं भाग होतं. पण 2000 सालाच्या सुमारास आपल्याकडे उत्सर्जनाचे नियम आले आणि नव्या गाड्यांमधून कार्ब्युरेटर गेला. आता इंजिन किती थंड आहे ते सेन्सर मोजतो आणि किती इंधन सोडायचं ते संगणक ठरवतो. चोकचा दांडा डॅशबोर्डवरून जाऊन पाव शतक होत आलं, थांबायची सवय तशीच आहे.

इथे दुसरा युक्तिवाद पुढे येतो: रात्रभरात ऑईल खाली चेंबरमध्ये उतरतं, ते वर चढायला वेळ नको का? हवा, पण तो काही सेकंदांचा. स्टार्टर मारल्यावर ऑईलचा लाल दिवा विझतो, तेव्हा पंपाने दाब तयार केलेला असतो. अर्धा मिनिट थांबा, सीटबेल्ट लावा, आरसे बघा, निघा. टर्बो असलेल्या डिझेल गाडीलाही एवढं पुरतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा गाडीवाल्यांना दिलेला सल्ला अगदी हाच आहे: बहुतेक कंपन्या साधारण 30 सेकंदांनंतर हळूवार निघायला सांगतात, आणि चालत्या गाडीत इंजिन लवकर तापतं. ज्या देशात उणे वीस-तीस अंशांचा हिवाळा असतो, त्या देशाचा हा सल्ला आहे. पुण्याच्या अकरा अंशांत पंधरा मिनिटं कशासाठी?

उभी गाडी लवकर का तापत नाही, तेही समजून घ्यावं. इंजिनावर भार नसला की ते थोडंच इंधन जाळतं, म्हणून उष्णताही थोडीच तयार होते. गिअर टाकून गाडी हलली की भार येतो आणि त्याच इंजिनात पुष्कळ जास्त उष्णता निर्माण होते. शिवाय उभ्या गाडीत तापलं तर फक्त इंजिन तापतं. गिअरबॉक्समधलं ऑईल, चाकांचे बेअरिंग, शॉकअब्सॉर्बर, टायर हे सगळं जिथल्या तिथे थंडच राहतं. त्यांना ऊब मिळते ती गाडी फिरल्यावरच. त्यामुळे पहिले चार-पाच किलोमीटर जोरात न दाबता, इंजिन न किंचाळवता चालवायची. इंजिन तापवायची रीत ही आहे.

उलट थंड इंजिन पंधरा-वीस मिनिटं उभं चालवण्यात नुकसान आहे. इंजिन गार असेपर्यंत संगणक जास्तीचं पेट्रोल सोडत असतो. त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरतं आणि ऑईल पातळ करतं. ज्या ऑईलच्या काळजीपोटी थांबलात, तेच बिघडतं. दुसरी गोष्ट पाण्याची. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. सायलेन्सर तापलेला असेल तर ती वाफ बाहेर पडते. थंड असेल तर आतच पाणी होऊन साचते आणि सायलेन्सर आतून गंजतो. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही शे अंश तापल्याशिवाय कामाला लागत नाही, त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात येतो तो दिवसातला सगळ्यात घाणेरडा धूर. आणि एप्रिल 2020 नंतरची बीएस-सहा डिझेल गाडी असेल तर काजळी धरणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, अशा उभ्या चालवण्याने तुंबत जाते. डीपीएफचा दिवा लागला म्हणून सर्व्हिस सेंटरला रांग लावणाऱ्यांनी आपल्या सकाळच्या सवयी एकदा आठवून पाहाव्यात.

इंधनाचं सांगायचं तर, अमेरिकेच्या त्याच ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार उभी गाडी तासाला पाव ते अर्धा गॅलन पेट्रोल पिते, म्हणजे साधारण एक ते दोन लिटर. आपल्या लहान इंजिनांना याहून कमी लागेल. तरी रोजची पंधरा मिनिटं धरली तर महिन्याकाठी काही लिटर पेट्रोल एक किलोमीटरही न जाता संपतं. जर्मनीत विनाकारण इंजिन चालू ठेवायला वाहतुकीच्या नियमांतच मनाई आहे. काचेवरचं बर्फ वितळू दे म्हणून गाडी सुरू ठेवून उभं राहिलात तरी दंड होतो. टोरांटोत महापालिकेचा नियम तासाभरात एका मिनिटाचा आहे. मामेभावाला हे त्याच्याच शहराबद्दल मला पुण्यातून सांगावं लागलं.

मग उणे तीस अंशांत लोक काय करतात? विनिपेगसारख्या ठिकाणी गाड्यांना ब्लॉक हीटर बसवलेला असतो, म्हणजे इंजिनाचं कूलंट उबदार ठेवणारी विजेची कांडी. पार्किंगमध्ये त्यासाठी प्लग असतात. निघण्याआधी दोन तास तो लावला की पुरे, रात्रभर वीज जाळायची गरज नाही. बर्फाने झाकलेली काच मात्र निघण्याआधी पूर्ण साफ झालीच पाहिजे. त्यासाठी दोन-चार मिनिटं इंजिन चालवून ब्लोअर लावावा लागला तर लावावा. हातात खरवडणी घेतली तर तेवढाही वेळ लागत नाही.

आता तयारीत खरोखर काय राहतं, त्याकडे येतो.

सगळ्यात आधी कूलंट. आपल्याकडे रेडिएटरमध्ये कमी दिसलं की नळाचं पाणी ओतायची पद्धत आहे, रस्त्यावरचे मेकॅनिकही तेच करतात. महाराष्ट्रात त्याने गंज आणि क्षार होतात. पण ती गाडी हिमाचलमधल्या केलाँगला रात्रभर उभी राहिली तर पाण्याचं बर्फ होतं, आणि बर्फ होताना पाणी नऊ टक्के फुगतं. रेडिएटर फाटतो, कधी इंजिनाचा ब्लॉकही तडकतो. याच्या उलट गैरसमज असा की पाणी अजिबात न घालता निव्वळ अँटिफ्रीझ भरलं की उत्तम संरक्षण. तसं नाही. निव्वळ इथिलीन ग्लायकॉल उणे 13 अंशांच्या आसपासच गोठतं. पाण्याबरोबर निम्मं-निम्मं मिसळलं की तेच मिश्रण उणे 37 पर्यंत टिकतं. म्हणून निघण्याआधी कूलंट बदलून घ्या, कंपनीने सांगितलेलंच, सांगितलेल्या प्रमाणात. वायपरच्या टाकीतलं शाम्पूचं पाणीही काढून न गोठणारं द्रावण भरा, नाहीतर ऐन घाटात काच धुता येणार नाही.

दुसरा मोठा गैरसमज म्हणजे ‘फोर बाय फोर आहे, बर्फाची काय भीती?’ चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी बर्फातून सुटते आणि चढते, हे खरं. पण थांबताना त्याचा काही उपयोग नाही, ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच. गाडीला रोखतं ते टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण. सात अंशांच्या खाली आपल्या नेहमीच्या टायरचं रबर कडक होत जातं, आणि काचेसारख्या बर्फावर ते सरळ घसरतं. सोलंगच्या रस्त्यावर, अटल बोगद्याच्या तोंडाशी दरवर्षी भल्या थोरल्या एसयूव्ही उतारावरून हळूहळू मागे घसरताना दिसतात, ब्रेक पूर्ण दाबलेला असतो आणि चाकं फिरतही नसतात. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये 2008 पासून हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आता 1 डिसेंबर ते 15 मार्च, आणि फोर बाय फोरला त्यातून सूट नाही. आपल्याकडे असे टायर सहज मिळत नाहीत. त्यामुळे साखळ्या भाड्याने घ्या, आणि त्या ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते त्यांना बांधा. बहुतेक लहान गाड्यांत ती पुढची चाकं असतात, तरी लोक मागे बांधतात. उतारावर खालचा गिअर, ब्रेकला हलका पाय. स्थानिक पोलीस पुढे जाऊ नका म्हणाले तर जाऊ नका.

बॅटरीचं थोडक्यात. थंडी बॅटरी मारते असं म्हणतात, पण तिचं आयुष्य जास्त खाते ती उष्णता. नागपूरच्या मे महिन्यात आतून खराब झालेली बॅटरी थंडीत उघडी पडते. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनच्या आकड्यांनुसार शून्य अंशाला बॅटरीची ताकद 35 टक्क्यांनी कमी होते, उणे 18 ला 60 टक्क्यांनी. तीन-चार वर्षं झालेली असेल तर निघण्याआधी तपासून घ्या. गाडी उभी ठेवून तिला चार्ज करायचा विचार सोडा, त्या वेगाला अल्टरनेटर फारसं देत नाही.

बाकीचे गैरसमज भराभर सांगतो. पकड वाढावी म्हणून टायरची हवा कमी करू नका. दर पाच-सहा अंशांना ती आपोआप एक पीएसआयने उतरत असते, सकाळी गाडी थंड असताना मोजा आणि भरून घ्या. गोठलेल्या काचेवर गरम पाणी कधीही ओतू नका, तडा जातो. ऑईलच्या डब्यावरच्या 5डब्ल्यू-30 मधला ‘डब्ल्यू’ वजनाचा नाही, विंटरचा आहे. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ऑईल थंडीत सहज वाहतं. म्हणून ‘घट्ट ऑईल चांगलं’ हा सल्ला थंडीत उलटा आहे. मोबाईलवर ‘फील्स लाईक’ उणे वीस दिसलं तरी गाडी हवेच्या खऱ्या तापमानापेक्षा थंड होत नाही, वाऱ्याचा तो बोचरेपणा माणसाच्या कातडीला लागतो. डिझेल गोठू नये म्हणून रॉकेल मिसळू नका. रॉकेलला डिझेलसारखं वंगण नसतं, आजचे उच्च दाबाचे पंप त्याने झिजतात. लडाखसाठी इंडियन ऑईलने नोव्हेंबर 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं, ते तिथे भरा. रात्री बर्फात गाडी लावताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओला ब्रेक गोठून चिकटतो. सपाटीवर पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

पुन्हा त्या उभ्या इंजिनाकडे येतो, कारण सगळ्यात महत्त्वाचं अजून सांगायचं आहे. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये, शटर उघडं ठेवूनसुद्धा, गाडी तापवत ठेवली तर तो घरात शिरू शकतो. परदेशातल्या आपल्या माणसांनी गाडी सुरू केली की ती लगेच बाहेर काढावी. मनालीला एका जानेवारीत सामान चढवेपर्यंत ऊब राहावी म्हणून एका कुटुंबाने दोन मुलांना सुरू गाडीत बसवलं होतं, काचा बंद करून. गाडी मागे घेतलेली होती आणि सायलेन्सरचं तोंड रात्री फावड्याने सारलेल्या बर्फाच्या ढिगात रुतलं होतं. मी काच वाजवून मुलांना उतरवलं. त्यांच्या बाबांना मी काय म्हणतोय ते आधी कळलंच नाही, त्यांनी मुलांच्या भल्यासाठीच गाडी सुरू ठेवली होती. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरीला बर्फवृष्टीत रस्त्यावर अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त लोक गेले, काही थंडीने आणि काही या वायूने.

तेव्हा बर्फात अडकलात तर आधी खाली उतरून सायलेन्सरचं तोंड आणि त्याच्या आजूबाजूचं बर्फ हाताने साफ करा. मग इंजिन तासाला दहा मिनिटं चालवा, वारा येतो त्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवून. बर्फ पडत असेल तर प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी पुन्हा उतरून बघा. गाडीत ब्लँकेटं, पाणी आणि एक लहान फावडं असू द्या. आणि सगळ्यांनी एकाच वेळी झोपू नका, एकाला जागं ठेवा.