वारुळावरची अळंबी : ओळख हवी अचूक

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या सोनाळा (जि. बुलडाणा) परिसरात अंबाबरवा अभयारण्याचे जंगल आहे. पावसाळ्यात अशा जंगलांतील वारुळांवर खाद्य अळंबी उगवते. पूर्व विदर्भात तिला ‘सात्या’ म्हणतात. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसेस.

वाळवी वारुळात पालापाचोळ्यावर ही बुरशी जोपासते. बुरशी तो कुजवते आणि वाळवीला अन्न मिळते. या परस्परावलंबनामुळेच तिची व्यावसायिक लागवड अद्याप साधलेली नाही.

छत्रीच्या मध्यभागी टोकदार उंचवटा आणि जमिनीखाली बुरशीच्या पोळ्यापर्यंत गेलेला मुळासारखा लांब देठ, या तिच्या प्रमुख खुणा. देठाच्या बुडाशी पिशवीसारखे आवरण असल्यास किंवा छत्रीखालचे पापुद्रे हिरवट असल्यास ती अळंबी टाळावी.

अमानिटा गटातील काही जीवघेण्या अळंब्यांची लक्षणे बहुधा सहा ते बारा तासांनी दिसतात. तोवर विष शरीरात भिनलेले असते. चांदीचे नाणे किंवा लसूण काळी पडते का, ही घरगुती परीक्षा निरुपयोगी आहे. शिजवूनही हे विष नष्ट होत नाही. म्हणूनच शंका आल्यास अळंबी खाऊ नये. शिवाय, अभयारण्यातून विनापरवाना वनोपज नेण्यास वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मनाई आहे.